पत्र येणे बाकी

आमच्या महापौरांना सुलटी अक्षरं वाचायला वेळ लागतो, असं मी सांगितलं की लोकांना वाटतं मी टोमणा मारते आहे. टोमणे मला येतात, पण हा नव्हे. एकतीस वर्षं रबरी शिक्के करून करून त्या माणसाची नजरच फिरली होती. शिक्क्यावर अक्षरं उलटी बसवावी लागतात, तेव्हा ती कागदावर सुलटी उमटतात. त्यामुळे वर्तमानपत्र हातात घेतलं की हे गृहस्थ कपाळाला आठ्या घालायचे, आणि तेच वर्तमानपत्र समोरच्या काचेत दिसलं की झरझर वाचून मोकळे व्हायचे. गल्लीने त्यांचं नाव उलटेभाऊ ठेवलं होतं. बायको होती तोवर तीही चिडली की याच नावाने हाक मारायची.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून. मध्ये प्लायवूडची भिंत. तिकडे त्यांनी घसा खाकरला की मी इकडे गिऱ्हाईकाशी बोलायची थांबायची, इतकी ती पातळ. दोन्ही दुकानं महापालिकेच्या मागच्या फाटकासमोर. पुढच्या फाटकातून साहेब जातात, मागच्या फाटकातून कामं जातात. ज्याचं काम अडलं असेल तो आधी माझ्याकडे प्रती काढायला येतो, म्हणून शहरात काय शिजतं आहे ते मला वर्तमानपत्राच्या आधी कळतं. यात माझी काही हुशारी नाही. कागद काचेवर पालथा घालताना डोळे तर उघडेच असतात.

भाऊंचं दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं तर भाऊंना उठून मागे सरकावं लागे. भिंतीला टाइपांचे, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांचे खण, एका कोपऱ्यात रबर तापवून छापायचा लोखंडी दाब, सगळीकडे जळक्या रबराचा वास. पुढे संगणकावर शिक्के होऊ लागले तसे त्यांनीही एक यंत्र आणलं. पण सरकारी गोल शिक्का मात्र ते जुन्या पद्धतीनेच करायचे, कारण तो वीस वर्षं टिकतो म्हणे. साहेब वीस महिने टिकत नाहीत, शिक्का कशाला टिकायला हवा, असं मी विचारायची. ते नुसते हसायचे.

त्यांचा एक नियम होता. सरकारी शिक्का हवा असेल तर त्या खात्याच्या छापील कागदावर, साहेबांच्या सहीचं पत्र आणायचं. पत्र नाही तर शिक्का नाही. एकदा खुद्द त्या वेळच्या महापौरांचा माणूस आला, पत्र उद्या पाठवतो म्हणाला. भाऊ म्हणाले, मग शिक्काही उद्याच. त्या माणसाने आठवड्याच्या आत आमच्या दोघांच्याही दुकानांच्या पाट्या अतिक्रमण म्हणून काढायला लावल्या. माझ्या पाटीने काय पाप केलं होतं कुणास ठाऊक. पंधरा दिवस मी बिनपाटीची बसले होते आणि भाऊंशी बोलले नव्हते.

नियमाचा दुसरा भाग फक्त मला माहीत होता. शिक्का तयार झाला की तो देण्याआधी ते बाहेरच्या गोल रेघेवर ब्लेडच्या टोकाने केसाएवढी चीर द्यायचे. जागा दरवेळी वेगळी, आणि ती घड्याळासारखी मोजायची. एखाद्या शिक्क्याची चीर सव्वातीनला, एखाद्याची पावणेआठला. मग त्याचा पहिला ठसा एका जाड वहीत उमटवायचा आणि शेजारी तारीख, खातं, नेणाऱ्याचं नाव, पत्राचा क्रमांक आणि चिरेची वेळ लिहायची. एकाच मजकुराचे दोन शिक्के केले तरी दोघांची चीर वेगळी. गिऱ्हाईकाला याचा पत्ता नसे. आपलं काम आपल्याला ओळखता यायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. उद्या कुणी विचारलं तर?

कोण विचारायला येणार आहे, असं मी म्हणायची.

दीड वर्षापूर्वी नव्या वाचनालयाचा सज्जा कोसळला. इमारत उघडून चार महिनेही झाले नव्हते. खाली उभ्या असलेल्या शिपायाचा पाय कायमचा गेला. चौकशी लागली तेव्हा कळलं की एकटं वाचनालयच नाही, सदतीस इमारतींना कुणी जाऊन पाहिल्याशिवाय ‘पूर्ण आणि सुरक्षित’ असे दाखले दिले गेले होते. प्रत्येक दाखल्यावर खाली एक फरफटलेली सही आणि एका इंजिनीअरचा गोल शिक्का. महापौरांनी राजीनामा दिला. बांधकाम खात्याच्या मोठ्या साहेबांनी शिक्क्याकडे बोट दाखवलं आणि हात वर केले. तो शिक्का ज्यांच्या नावाचा होता त्या धाकट्या इंजिनीअरबाई निलंबित झाल्या.

या बाई माझ्या गिऱ्हाईक. बत्तीस-तेहतिशीच्या, अंगाने किरकोळ, फाइल छातीशी धरून चालायच्या. घरी अंथरुणाला खिळलेली आई. त्या दिवसापासून दर दोन-चार दिवसांनी कुठला ना कुठला अर्ज घेऊन यायच्या आणि दरवेळी तेच सांगायच्या, जरा स्वच्छ काढा हो. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाल्या की शिक्का माझ्यासारखा दिसतो खरा, पण मी मारलेला नाही. माझा शिक्का माझ्याच पर्समध्ये असतो. मी हं म्हटलं. सगळेच असं म्हणतात, असं मला तेव्हा वाटलं होतं, ते कबूल करते.

महापौरपदाची पोटनिवडणूक लागली आणि शहराला एक स्वच्छ माणूस हवा झाला. निवृत्त हेडमास्तरांनी नागरिकांची समिती काढली होती, ते असा माणूस शोधत हिंडत होते. कुणीतरी त्यांना पाटीची गोष्ट सांगितली. महापौरांच्या माणसाला पत्राशिवाय शिक्का न देणारा शिक्केवाला, यापेक्षा जास्त त्यांना काय हवं होतं? भाऊ आठ दिवस नाही म्हणत राहिले. मग त्या शिपायाला चाकांच्या खुर्चीत बसवून हेडमास्तर दुकानासमोर आले. भाऊंनी पाय मागे घ्यायचा तर कुठे घ्यायचा, मागे भिंतच होती.

महिन्याभरात शहराच्या प्रत्येक भिंतीवर ‘पत्राशिवाय शिक्का नाही’ रंगवलेलं दिसू लागलं. भाऊंना भाषण येत नव्हतं, म्हणून हेडमास्तर लिहून द्यायचे. त्यात एक वाक्य हमखास असायचं की ज्या हाताने हे शिक्के मारले त्याला मी घरी पाठवीन, माझी पहिली सही त्याच कागदावर होईल. टाळ्या पडायच्या. भाऊ कागदावरून अडखळत वाचायचे आणि लोक म्हणायचे, किती साधा माणूस आहे. त्यांना काय ठाऊक की समोर आरसा धरला असता तर हा माणूस घडाघडा बोलला असता. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. त्यांची सगळी पत्रकं माझ्याच मशीनवर निघत होती, आणि आमच्या गल्लीतला माणूस महापौर होणार म्हणून मी हवेत होते.

मतदानाला नऊ दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. हेडमास्तरांना सभेत लावायला वाचनालयाचा दाखला दाराएवढा मोठा करून हवा होता. माझं मशीन चौपट करतं. तुकडे काढायचे आणि चिकटपट्टीने जोडायचे. दुपारी भाऊ स्वतः आले, चिकटपट्टी धरायला. खरं म्हणजे समितीच्या लोकांनी त्यांचं दुकान बळकावलं होतं आणि त्यांना बसायला जागा नव्हती. मी तुकडे काढत होते, ते जोडत होते. शिक्क्याचा तुकडा निघाला तो ताटाएवढा. त्यांनी सवयीप्रमाणे तो उलटा करून उजेडासमोर धरला, आणि तसाच धरून ठेवला. मी पुढचा कागद द्यायला हात केला तरी घेतला नाही.

मी जवळ जाऊन पाहिलं. बाहेरच्या गोल रेघेत एक बारीक चीर होती. चौपट झाल्यावर ती मलासुद्धा दिसली.

ते पलीकडे गेले आणि पोटाशी धरून वही घेऊन आले. पान त्यांना शोधावं लागलं नाही. तीन वर्षांपूर्वीच्या तारखेला धाकट्या इंजिनीअरबाईंच्या शिक्क्याचा ठसा, पत्राचा क्रमांक, चीर सव्वाएकला. अकरा महिन्यांनी खाली तोच मजकूर, तसाच दुसरा ठसा, चीर पावणेपाचला. नेणाऱ्याचं नाव : दाजी. आणि पत्राच्या रकान्यात त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पत्र येणे बाकी’. दाखल्यावरची चीर पावणेपाचला होती.

दाजी म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, महापालिकेच्या बांधकाम खात्यात कारकून. एका दुपारी घाईघाईने आले होते. बाईंचा शिक्का हरवला आहे, कामं खोळंबली आहेत, साहेब माझ्यावर ओरडताहेत, पत्र उद्या आणून देतो. भाऊंनी शिक्का करून दिला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर साहेब रजेवर. मग आणखी दोन-तीनदा विचारलं. मग विचारायचीच लाज वाटू लागली, कारण घरच्या माणसाकडे पत्र मागायचं तरी किती वेळा? दुसरा कुणी असता तर त्याने ती नोंदच केली नसती. यांनी नियम मोडला आणि मोडल्याची नीट नोंद करून ठेवली. मला त्या क्षणी हसू आलं होतं, आणि त्या हसण्याची मला अजून शरम वाटते.

“वहिनी, या पानाच्या दोन प्रती काढा,” भाऊ म्हणाले.

मी काढल्या. एक त्यांनी घडी घालून खिशात ठेवली. दुसरी माझ्याकडे दिली.

“ही तुमच्याकडे राहू दे. मी सांगेन तेव्हा द्या.”

कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही. मी ती ड्रॉवरमध्ये, पिनांच्या डबीखाली ठेवली.

संध्याकाळी ते मला घेऊन बहिणीकडे गेले. एकट्याने बोलता येणार नाही म्हणाले. ताईंची मला माहिती होती. आई गेली तेव्हा भाऊ सात वर्षांचे आणि ताई सोळाच्या. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून त्यांनी भावाला वाढवलं, शिक्क्याचं काम शिकायला ठेवलं. बायको गेल्यापासून भाऊ दोन्ही वेळा त्यांच्याकडेच जेवत होते. आम्ही गेलो तेव्हाही ताई इस्त्रीच करत होत्या, आता फक्त घरच्या कपड्यांना. दाजी कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसले होते. भाऊंनी खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला.

दाजींनी तो वाचला आणि पाण्याकडे पाहत राहिले. मोठ्या साहेबांनी मागितला म्हणून नेऊन दिला, पुढे त्यांनी तो कुठे मारला मला माहीत नाही, असं म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले की सज्जा पडला तेव्हा कळलं. मग आणखी थोड्या वेळाने म्हणाले की दोन वर्षं राहिली आहेत निवृत्तीला. मी आले होते ती त्यांच्या तोंडावर काहीतरी फेकून मारायच्या तयारीने. पण समोर होता हा सुजलेल्या पायांचा माणूस. चोर म्हणावा तर चोराएवढीही त्याची उंची नव्हती.

ताईंनी हातातल्या सदऱ्याची कॉलर पुरी केली. इस्त्री उभी करून ठेवली.

“बोलायचं असेल तर बोल,” त्या भावाला म्हणाल्या. “मी आडवी येणार नाही. पण मला विचारायला येऊ नकोस. शिक्का करताना विचारलं होतंस?”

भाऊंनी कागद परत घेतला.

“उद्यापासून जेवायला येणार आहेस की नाही तेवढं सांग. म्हणजे मला तसा स्वयंपाक करता येईल.”

भाऊंनी कागदाची घडी खिशात घातली. आम्ही परत निघालो. वाटेत प्रत्येक भिंतीवर त्यांचंच वाक्य, माणसाएवढ्या अक्षरांत. भाऊ रस्त्याच्या मधोमध चालत होते, मोटारी भोंगे वाजवत होत्या तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हेडमास्तरांना सगळं सांगितलं. प्लायवूडच्या अलीकडून मी शब्द न् शब्द ऐकला. हेडमास्तर वाईट माणूस नाहीत, हे मला इथे लिहायलाच हवं. ते हळू आवाजात समजावू लागले, वर्गातल्या ढ मुलाला समजवावं तसं. आज बोललात तर आठ दिवसांत दुसरा माणूस उभा करता येत नाही. जुनीच टोळी परत येईल. सदतीस इमारती तशाच राहतील आणि त्यांत माणसं राहतील. आणि बाईंचं काय होईल? तीच टोळी त्यांना घालवेल. त्यापेक्षा निवडून या. मग सगळं तुमच्याच हातात आहे, एका सहीत बाईंना परत घ्या.

मला हे पटलं. खोटं कशाला बोलू, इतकं पटलं की मी माझ्या दुकानात एकटीच मान डोलावली. भाऊंनाही पटलं असावं, कारण पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि ते पत्रकांचे गठ्ठे उचलायला लागले.

तरी त्यांच्या पोटात ते राहिलं नाही. शेवटच्या सभेला शाळेचं मैदान भरून गेलं होतं. भाषण अर्धं वाचून झालं आणि ‘ज्या हाताने’ या वाक्यापाशी भाऊंचं घोडं अडलं. त्यांनी कागद खाली ठेवला. माईकला तोंड लावून म्हणाले, “मी एक शिक्का पत्राशिवाय केला आहे.”

मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “महापौराचा ना? आधीच करून ठेवला असेल.” एक हसला, मग दहा हसले, मग अख्खं मैदान हसलं. भाऊ हात वर करून थांबा थांबा म्हणत होते, तो लोकांना नमस्कार वाटला. हेडमास्तर उठले आणि प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी माईक घेतला. म्हणाले, बघा, स्वतःच्या अंगावरचा डाग शोधत बसणारा माणूस तुम्ही कुठल्या पक्षात पाहिलात? त्यावर ज्या टाळ्या पडल्या तशा आख्ख्या निवडणुकीत पडल्या नव्हत्या.

मैदानाच्या टोकाला पाण्याच्या टाकीपाशी धाकट्या इंजिनीअरबाई उभ्या होत्या, फाइल छातीशी धरून. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. मला वाटलं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली आणि टाळ्या वाजवल्या.

भाऊ निवडून आले. दुप्पट मतांनी आले. मी एकदा काही प्रती पोचवायला त्यांच्या दालनात गेले होते. टेबल इतकं मोठं की पलीकडचा माणूस आजारी दिसतो. टेबलावर जाड काच होती. भाऊ फायली उभ्या धरून काचेतलं प्रतिबिंब वाचत होते, म्हणजे कामाला वेग यावा. कामही करत होते, हे मी नाकारणार नाही. पहिल्या दोन महिन्यांत एकोणीस इमारती रिकाम्या करून पुन्हा तपासायला घेतल्या. एकीच्या तळमजल्याचा खांब हाताने खरवडला तर वाळू पडायची. तिथे चौदा कुटुंबं राहत होती. ती आज जिवंत आहेत ती या उलट्या माणसामुळे.

पण बाईंच्या बडतर्फीची फाइल त्यांच्याच टेबलावर येणार होती आणि आली. चौकशी समितीने निवडणुकीआधीच निकाल देऊन ठेवला होता, फक्त महापौरांची सही राहिली होती. भाऊंनी फेरविचार असं लिहून ती परत पाठवली. ती परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा आली, आणि या वेळी कायदा अधिकाऱ्याने टीप जोडली होती की सात दिवसांत सही करावी, नाहीतर न करण्याचं कारण लेखी द्यावं. कारण एकच होतं आणि ते पिनांच्या डबीखाली होतं. ते दिलं तर राजीनामा आला. राजीनामा दिला तर उपमहापौर खुर्चीत बसणार, आणि तो जुन्या टोळीतलाच. उरलेल्या अठरा इमारती त्याने दुसऱ्या दिवशी सुरक्षित ठरवल्या असत्या. हेडमास्तरांनी सगळं पुन्हा नीट समजावलं. शेवटी म्हणाले की बाईंना अपील आहे.

त्याच आठवड्यात भाऊ दुकानात आले. निवडणुकीनंतर पहिल्यांदाच. जुन्या महापौरांचा शिक्का चौकशीत जप्त होता, नवा करायचा होता. सोबत पत्र होतं, महापौर कार्यालयाच्या छापील कागदावर, महापौरांच्या सहीचं. स्वतःच स्वतःला लिहिलेलं. शिपायाला त्यांनी बाहेर उभं केलं, बाही वर केली आणि कामाला लागले. मी प्लायवूडच्या अलीकडे मशीन बंद करून बसले. दाब तापला, रबराचा वास आला, वही उघडल्याचा आवाज आला. मग मी उठून त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

“भाऊ, तो कागद देऊ त्यांना?”

ते शिक्क्यावरची पूड फुंकत होते. वर पाहिलं नाही.

“मी सांगेन तेव्हा, वहिनी.”

“कधी सांगणार?”

“बाईंना अपील आहे.”

माझं डोकं तडकलं. हे हेडमास्तर बोलताहेत की तुम्ही, असं मी विचारलं. त्यांनी वही बंद केली, शिक्का रुमालात गुंडाळला आणि निघताना माझ्या दारापाशी जरासे थांबले. काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली. बाहेर शिपायाने गाडीचं दार उघडून धरलं होतं.

अजूनही ते ताईंकडेच जेवतात, महापौरांची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करून. दाजींनी प्रकृतीचं कारण देऊन मुदतीआधी निवृत्ती घेतली. ताई एकदा माझ्याकडे कागदाच्या प्रती काढायला आल्या होत्या, तेव्हा आपणहून म्हणाल्या की आम्ही तिघं एका टेबलाशी बसतो आणि मीठ हवं असलं तरी कुणी मागत नाही. जो तो उठून घेतो.

मागच्या मंगळवारी धाकट्या इंजिनीअरबाई आल्या. बडतर्फीचा आदेश होता, अपिलाला पाच प्रती हव्या होत्या. जरा स्वच्छ काढा हो, म्हणाल्या. मी आदेश काचेवर ठेवला. खाली भाऊंची सही आणि नवा कोरा गोल शिक्का. मला राहवलं नाही. आधी चौपट काढला. ताटाएवढा शिक्का हातात घेऊन बारापासून बारापर्यंत रेघ पाहिली, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिली. रेघ अखंड होती. कुठेही चीर नव्हती. एकतीस वर्षांत हा एकच शिक्का असा, जो आपला म्हणून ओळखायची त्यांची इच्छा नव्हती.

मला त्यांचा राग आला. आणि मग कळलं की तो राग निम्मा माझा माझ्यावरच होता, कारण ड्रॉवरला काही त्यांनी कुलूप लावलेलं नव्हतं. त्यांनी सांगितलं नाही म्हणून मी दिला नाही, एवढंच. म्हणजे मीही पत्राची वाट पाहत बसले होते.

मी पाच प्रती काढल्या, टाचल्या. मग पिनांची डबी उचलली आणि खालचा कागद त्यांच्या प्रतींवर ठेवला. त्यांनी उभ्या उभ्या वाचला. पर्समधून आपला शिक्का काढला, माझ्या रद्दी कागदावर उमटवला आणि खिडकीशी नेऊन पाहिला. सव्वाएकला चीर होती. त्या पुन्हा वहीच्या पानाकडे वळल्या, ‘पत्र येणे बाकी’ या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि ते बराच वेळ तिथून काढलं नाही. मला वाटलं आता रडतील, किंवा मला धन्यवाद देतील. मी दोन्हीची तयारी केली होती.

त्यांनी मान वर केली. “हा कागद तुमच्याकडे कधीपासून आहे?”

“मतदानाच्या आधीपासून,” मी म्हटलं.